कच्चं, शिजलं, निवलं

घरात एखादं कच्चं केळं असेल तर आणून समोर ठेवा. भाजीचं वेगळं केळं शोधायला नको. आपलं रोजचंच, पण अजून हिरवं, अंगठ्यानं दाबलं तरी न दबणारं. नसेल तर उद्या आणा आणि हे उद्या वाचा. मला घाई नाही, आणि आज ज्याचं मनन करायचं आहे त्यालाही नाही.

ते म्हणजे या केळ्यातला पिष्टाचा एक कण. पिष्ट म्हणजे आपल्या बोलण्यातला स्टार्च. साबुदाण्यात तोच, भातात तोच, पोळीत तोच. या एका कणाच्या मागोमाग बागेतून गिरणीत, गिरणीतून भट्टीत आणि तिथून आपल्याच पोटात उतरायचं, एवढंच आजचं काम.

मी निंबोल्याला आहे, मामाच्या घरी. बऱ्हाणपुराहून असीरगडाकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. जिल्हा मध्य प्रदेशातला, पाट्या हिंदीत. पण ओट्यावर बसून थोडा वेळ कान दिला तर मराठी, निमाडी आणि हिंदी तिन्ही ऐकू येतात, कधीकधी एकाच वाक्यात. दक्षिणेला रावेर लागलं की खानदेश. केळीची बाग मात्र राज्य बदललं म्हणून बदलत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत बऱ्हाणपूरच्या नावापुढेही केळीच आहे.

दिवाळी सरली आहे आणि कांदेबागेची कापणी चालू आहे. मृगाच्या सुमारास लावली ती मृगबाग, पावसाळा ओसरताना लावली ती कांदेबाग. एक जण कोयत्यानं दांडा तोडतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो, तिसरा फण्या सोडवतो. तोडल्या जागेतून चीक ठिबकतो. दिसायला पाण्यासारखा, पण सदऱ्यावर पडला की तपकिरी डाग धरतो, आणि तो डाग सदऱ्याबरोबरच जातो. म्हणून इथल्या माणसांकडे केळीचे कपडे वेगळे आणि लग्नाचे वेगळे. बाजूला पडलेली केळी बघा: टोक मोडलेली, बोटं बारीक राहिलेली, सालीवर ओरखडा उठलेली. गाडीत चढतात ती सारख्या अंगाची. भाव पडला की चढण्याजोगीही बांधावर राहतात आणि गुरांच्या पुढ्यात जातात. आतून दोन्ही केळी सारखीच असतात.

आता तुमचं केळं हातात घ्या. वजन जोखा. साल काढताना बोटांना आधी तेल लावा. मामी लावते, मी एकदा लावलं नव्हतं आणि आठवडाभर नखं काळी घेऊन हिंडले. सुरीनं साल उभी चिरा. कच्च्याची साल सहज सुटत नाही, ओढून काढावी लागते, आणि आतला गर खडूसारखा लागतो. या गरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी आहे. उरलेल्यात बहुतेक सगळं पिष्ट. एक चकती कापा आणि बशीत ठेवा.

औषधाच्या पेटीत टिंक्चर आयोडीन असेल तर त्याचा एक थेंब चकतीवर सोडा. (ही चकती नंतर टाकून द्यायची, खायची नाही.) थेंब पडतो तेव्हा तपकिरी असतो. बघत राहा. कडेपासून निळसर व्हायला लागतो, मग गर्द, मग जवळजवळ काळा. पिष्टाची साखळी जिन्यासारखी वेटोळी असते. त्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसतं आणि रंग पालटतो. शाळेत हा प्रयोग बटाट्यावर केला असेल, पण शाळेत तास संपायची घाई असते. आज नाही. रंग पुरता चढेपर्यंत थांबा.

तीन दिवसांनी याच फणीतलं दुसरं केळं घ्या, पाच-सहा दिवसांनी तिसरं. डाग दर वेळी फिका होत जाईल. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर थेंब पुष्कळसा तपकिरीच राहतो. कच्च्या गरात वजनाच्या वीस-बावीस टक्के पिष्ट असतं, पिकल्यावर एक-दोन टक्के उरतं; साखरेचं नेमकं उलट. बाहेरून कुणी काही घातलं नाही, काढलं नाही. जे होतं त्याचीच मांडणी बदलली. केळ्यात साखर किती, असं कुणी विचारलं की म्हणूनच उलट विचारावंसं वाटतं, कोणत्या दिवशी?

थोडं जवळ जाऊ. डोळ्यांना न दिसणारा एक कण मनासमोर आणा. केसाच्या जाडीहून बारीक, लांबट, शिंपल्यासारखा गुळगुळीत. आत कांद्यासारखे पापुद्रे, आणि प्रत्येक पापुद्र्यात ग्लुकोजच्या साखळ्या विटांसारख्या रचलेल्या. झाडानं हे भांडार स्वतःसाठी रचलं. कुलूपही स्वतःच लावलं. आपल्या लाळेत आणि आतड्यात पिष्ट तोडणारे पाचकरस आहेत, पण या रचनेत शिरायला त्यांना फटच सापडत नाही.

हे माणसाला कळलं ते अगदी अलीकडे. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या डॉक्टरनं आफ्रिकेतल्या अनुभवावरून चोथ्याचं महत्त्व जगाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. चोथा म्हणजे कोंडा, साल, देठ. पिष्ट मात्र सगळंच्या सगळं पचतं, असंच तेव्हा धरून चालत. केंब्रिजला हान्स इंग्लिस्ट अन्नातला चोथा मोजत होता. पिष्ट काढून टाकायला त्यानं पाचकरस घातले, तरी थोडं पिष्ट तळाशी उरायचंच. मोजणाऱ्याच्या दृष्टीनं ही कटकट. दुसऱ्या कुणी हिशेबातली चूक म्हणून पुसून टाकली असती. त्यानं १९८२ साली तिला नाव दिलं, न पचणारं, प्रतिकार करणारं पिष्ट, रेझिस्टंट स्टार्च. पुढे १९८६ मध्ये त्यानं आणि जॉन कमिंग्ज यांनी केळंच घेतलं. शस्त्रक्रियेनं ज्यांच्या लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणलेलं असतं अशा लोकांना त्यांनी वेगवेगळ्या पिकलेपणाची केळी खायला दिली आणि न पचता काय बाहेर येतं ते तपासलं. केळ्यातल्या नेहमीच्या चोथ्याच्या आठपटीपर्यंत पिष्ट न पचता मोठ्या आतड्याकडे जाऊ शकतं, असं दिसलं. किती जाईल ते केळं किती पिकलंय यावर.

त्या माणसांचा विचार मनात येऊ द्या. आजारपणानं शरीराची रचना बदललेली, रोजच्या त्रासाची एक पिशवी सांभाळत जगणारी. आणि कुणीतरी सांगतं, केळं खा, आम्हाला पाहायचंय. खाल्लं त्यांनी. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पुड्यावर 'गट हेल्थ' छापणाऱ्याला तर अशी माणसं होती हेही माहीत नसावं.

आता आपला कण तिथवर पोचला आहे असं समजा. लहान आतड्याची पंगत उठली. आपलं पोट भरलं, रक्तात जायची ती साखर गेली. कुलूपबंद कण पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात शेवटची पंगत बसते, ती जिवाणूंची. ते त्याला आंबवतात, आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच जगतात. म्हणजे आपण आपल्याच अस्तराला थेट घास भरवू शकत नाही. मधल्या कुणाला तरी जेवू घालावं लागतं. पूर्वी घरची बाई पाहुणे-सोयरे, गडीमाणसं उठल्यावर पानावर बसायची, तसं काहीसं. त्या बाईला काय उरायचं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. अस्तराबद्दलही नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा हवा असं सांगते आहे. मैद्याचा पाव, मैद्याची खारी आणि मैद्याचा टोस्ट यांवर दिवस काढणाऱ्याच्या पंगतीत शेवटी बसणाऱ्यांना पत्रावळच मिळत असेल.

श्वास घ्या. खिडकीबाहेर काही दिसत असेल तर बघा. मला गच्ची दिसते आहे, आणि गच्चीवर जुन्या धुतलेल्या पातळावर वाळत घातलेल्या केळ्याच्या चकत्या.

मामी दोन वर्षं या चकत्यांचं पीठ करते. आधी उपवासापुरतं करायची, आता इतर दिवशीही. रीत अशी: केळी सोलायची, पातळ काप करून लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायचे. उघडे राहिले तर काळे पडतात. कापल्याबरोबर गरातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं रंग धरायला लागतं, आणि लिंबाचं आम्ल त्याचे हात बांधतं. मग निथळून कडक उन्हात दोन-तीन दिवस. काप वाजायला लागला की झाला. ती काप कानाशी नेऊन मोडते, डोळ्यांवर विसंबत नाही. गिरणीवाल्यानं पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. आता केळ्यांनंतर मूठभर ज्वारी टाकून जातं धुऊन घेतो आणि ते पीठ स्वतःच्या म्हशीला नेतो. दहा किलो केळ्यांतून साल गेली, पाणी गेलं की दोन किलोच्या आसपास पीठ उरतं. पाचातलं एक. बांधावर पडलेल्या केळ्याच्या हिशेबात तेही थोडं नाही. २०२१ मध्ये टाळेबंदीत केळ्याचे भाव कोसळले तेव्हा कर्नाटकात, कारवार-मंगळूरच्या पट्ट्यात, घराघरांतल्या बायकांनी हेच केलं. 'अडिके पत्रिके' या शेतकऱ्यांच्या कन्नड मासिकानं ती चळवळ उचलून धरली आणि केळ्याच्या पिठाला 'बाकाहु' असं छोटंसं नावही मिळालं. आपल्याकडे अजून 'केळ्याचं पीठ'च म्हणतात. नाव नसलं तरी पीठ तेच.

त्या पिठाची एक चिमूट जिभेवर ठेवा. घरी नसेल तर कच्च्या केळ्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा चालेल. चावा. गिळू नका. जीभ तुरट पडेल, टाळूला किंचित चिकटेल. चावत राहा. वीस वेळा, तीस वेळा. काही होत नाही. गोडी येत नाही. लाळ दारात उभी आहे, दार उघडत नाही.

आता पाणी प्या, चूळ भरा, आणि भाकरीचा एक तुकडा तोंडात घ्या. नुसता. भाजी नको, चटणी नको. चावा आणि मोजा. दहाव्या-पंधराव्या चावणीपर्यंत भाकरी भाकरीसारखी लागते. मग घास सैल होतो, आणि कुठून तरी, जिभेच्या मागच्या अंगानं म्हणा, गोडी यायला लागते. आपण कुणी साखर घातली नव्हती. भाकरीतलं पिष्ट शिजलेलं आहे, लाळेला ते कापता येतं, आणि त्यातून माल्टोज सुटतं. त्या क्षणी थांबा. गिळायची उबळ येईल. येऊ द्या, पण गिळू नका. कच्चं आणि शिजलेलं यांतला फरक ज्या संशोधनानं चाळीस वर्षं शोधला तो आत्ता तुमच्या तोंडात आहे.

आणि इथेच सगळा घोळ आहे.

कारण पीठ कच्चं कोण खातं? पीठ म्हटलं की पाणी आलं आणि आग आली. केळ्याच्या पिष्टाचं कुलूप पाण्यात सत्तर-पंच्याहत्तर अंशांच्या आसपास निघतं. कण पाणी पितो, फुगतो, विटांची रचना ढासळते. पाव भाजताना भट्टी दोनशे अंशांवर असली तरी पावाचं पोट शंभराच्या खालीच राहतं. पण कुलूप निघायला तेवढं पुष्कळ झालं. म्हणजे ज्या गुणासाठी केळ्याचं पीठ घातलं, त्यातला मोठा वाटा पाव फुगत असतानाच निघून गेलेला असतो. पिठाच्या पुड्यावर छापलेला आकडा कच्च्या पिठाचा असतो. तो खोटा नाही. फक्त तुम्ही जे खाता त्याचा तो आकडा नाही.

माझ्या पावाचं काय झालं तेही सांगून टाकते. उत्साहात निम्मा मैदा काढून निम्मं केळ्याचं पीठ घातलं. फुगायला ठेवलं, दोन तास वाट पाहिली, भाजलं, आणि हाती आली एक वीट. मामा म्हणाला, ठेव, दाराला लावायला कामाला येईल. गव्हात ग्लुटेन आहे. मळलं की त्याची जाळी होते आणि खमिराचा वायू त्या जाळीत अडकून पाव वर येतो. केळ्यात ती जाळी नाही. दहा-वीस टक्क्यांपलीकडे गेलं की पाव बसतो. जाळी न लागणारी भाकरी माझ्यासमोर रोज थापली जात होती, आणि मी पावाच्या मागे लागले होते. ज्वारीतही ग्लुटेन नाही. म्हणून तर आपल्या बायका उकळतं पाणी घालून उकड काढतात; थोडं पिष्ट आधीच शिजवून त्याच्या चिकटपणावर बाकीचं पीठ सांधतात. खानदेशात कळण्याच्या भाकरीला तीन-चार वाट्या ज्वारीत वाटीभर अख्खे उडीद दळतात. उडदाच्या बुळबुळीतपणानं पीठ थापायला सोपं जातं. आणि धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनीन कमी, ते धान्यात. दोघांनी मिळून एकमेकांचं उणं झाकायचं. वर ठेचा आणि कच्चं तेल. 'प्लांट-बेस्ड प्रोटीन ब्लेंड' म्हणून कुणी हे पाकिटात घालून विकलं तर मी हसेन, आणि बहुधा विकतही घेईन.

तसंच कटाचं. हरभरा शिजवलेलं पाणी घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी गूस व्होल्ट या अमेरिकी अभियंत्यानं त्याला अ‍ॅक्वाफाबा म्हटलं, आणि बिनअंड्याच्या केकवाल्यांना सोन्याची खाण सापडली. पुरण शिजवून कट बाजूला काढणारी आपली आजी तो फेस पळीनं काढून टाकायची. आमटी महत्त्वाची होती.

असो. मन भरकटलं तर ओढून आणायचं असतं. कणाकडे परत या.

पावात कुलूप निघतं, पण बिस्किटात? इथे गंमत आहे. बिस्किटाच्या गोळ्यात पाणी अगदी थोडं. जे आहे ते साखर ओढून घेते, आणि तूप कणांवर लेप देऊन बसतं. भट्टी कितीही तापली तरी कणाला फुगायला पाणीच मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, खास प्रकाशात, कच्च्या पिष्टाच्या कणावर एक फुली चमकते; शिजला की फुली पुसली जाते. बिस्किटाच्या चुऱ्यात कितीतरी कणांवर ती फुली शाबूत असते. म्हणजे केळ्याच्या पिठाचा गुण टिकवायचा तर पावापेक्षा बिस्कीट बरं. आणि बिस्कीट कशानं टिकवतं? साखरेनं आणि तुपानं. वाचवणाराही तोच, बुडवणाराही तोच. बेकरीतल्या वनस्पती तुपाची एक काळजी तरी कायद्यानं कमी झाली. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण साखरेला कुणी कुंपण घातलेलं नाही. साखर कमी करून, तेल थोडं घालून, तरी खुसखुशीत राहील असं बिस्कीट कसं जमवायचं, यात जगभरच्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. मला त्यांची कीव येत नाही, आपुलकी वाटते. घरी तीन वेळा करून पाहिलं आहे. पहिल्याला दात लागला नाही, दुसरं डब्यात दोन दिवसांत मऊ पडलं, तिसरं बरं झालं होतं, पण त्यात मी गूळ किती घातला ते सांगणार नाही.

एखादं पाकीट 'केळ्याचं, मैदाविरहित, पौष्टिक' असं म्हणत समोर आलं, तर त्यात काय आहे हे वाचाच. पण मग डोळे वर करून क्षणभर स्वतःशी विचारा, याचं काय केलं गेलं आहे? केव्हा तोडलं, किती पाण्यात, किती आगीवर, आणि आगीवरून उतरल्यावर किती वेळानं माझ्यापर्यंत आलं? घटकांच्या यादीत वेळ लिहीत नाहीत.

शेवटचा टप्पा उरला, तो सर्वांत सावकाश.

तव्यावरून उतरलेली भाकरी समोर आहे अशी कल्पना करा. पापुद्रा सुटलेला, आतून वाफ निघते आहे. या क्षणी आत एकाही कणाचं कुलूप धड नसेल. साखळ्या सैल, ओल्या, पसरलेल्या. काही करू नका. निवू द्या.

निवताना काय होतं? १८५२ साली बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला, पावाबद्दल. शिळा पाव कडक होतो तो वाळल्यामुळे, असं सगळे मानत. त्यानं पाण्याचा थेंबही उडू न देता पाव ठेवला, तरी तो शिळा झालाच. पुन्हा गरम केला तर परत मऊ झाला. म्हणजे पाणी गेलं नव्हतं. आतलं काहीतरी पुन्हा जुळत होतं. सैल झालेल्या साखळ्या थंडाव्यात एकमेकींच्या शेजारी येतात, बाजूला बाजू लागते, आणि मोडलेल्या रचनेच्या जागी नवी रचना उभी राहते. सरळ साखळ्या काही तासांत जुळतात. फांद्या फुटलेल्या साखळ्यांना दिवस लागतात. फांदीवाल्या पुन्हा गरम केल्यावर सुटतात. सरळ साखळ्यांची गाठ मात्र घरच्या तव्यानं सहसा सुटत नाही, आणि पाचकरसांनाही ती उकलत नाही. झाडानं लावलेलं कुलूप गेलं. थंडीनं दुसरं लावलं.

फार नव्हे. शिळ्या भाकरीत असं पिष्ट थोडकंच होतं, कच्च्या केळ्याच्या जवळपासही नाही. शिळी भाकरी हे औषध नव्हे, मधुमेहाच्या गोळ्या तिच्या भरवशावर सोडायच्या नसतात, आणि उन्हाळ्यात दमट फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकरी बुरशीच्याच पंगतीला जाते. पण थोडकं का होईना, ते फुकट होतं. त्यासाठी काहीही करावं लागलं नाही. ताजं ते चांगलं आणि शिळं ते गरिबाचं, असं मीही घरात ऐकतच वाढले. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकायची तीही पाहुण्यांसमोर नाही. कणाच्या मागे मागे इतकं चालून आल्यावर त्या कुस्कऱ्याकडे मला निराळ्या नजरेनं पाहावं लागतं आहे, आणि ते जरा अवघडच जातं.

आता काहीही करू नका. समोरची चकती एव्हाना पुरती काळी पडली असेल. उरलेलं केळं कापडाखाली झाका. बाहेर उजेड कमी झाला असेल तर दिवा लावायची घाई नको.

निंबोल्यात दिवे लागले. रस्त्यावरून उत्तरेकडे केळीच्या गाड्या निघाल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक कणाची साखर व्हायला अजून आठवडा आहे. मामीनं गच्चीवरच्या चकत्या आत आणल्या, एक कानाशी मोडून पाहिली, मान हलवली. उद्याचं ऊन लागणार. मग तिनं टोपल्यातून सकाळची भाकरी काढली. ज्वारीत मूठभर केळ्याचं पीठ घातलेली, थोडी काळसर. निम्मी तिनं ताकात कुस्करली, निम्मी माझ्या ताटात टाकली. मी तुकडा मोडला. ताजी भाकरी मोडताना आवाज होत नाही, हिचा झाला. तोंडात घेतला आणि चावत बसले. दहा. पंधरा. गोडी नाही. वीस. माझे ओठ हलताहेत ते मामीला दिसलं असावं.

"काय मोजतीस ग? भाकरी मोजू नये माणसानं."

तोंडात घास होता, म्हणून तिला सांगता आलं नाही की मी भाकरी मोजत नव्हते.